मनाच्या दुखण्यालाही सरकारी दवाखाना आहे



सोयाबीनमध्ये पिवळ्या मोझॅकचे एक झाड दिसले की जाणता शेतकरी ते उपटून टाकतो. सगळे वावर पिवळे पडेपर्यंत तो थांबत नाही. बैलाने एक वेळ वैरण तोंडी लावली नाही तर गुरांच्या डॉक्टरकडे निरोप जातो. पण घरातला कर्ता माणूस पंधरा-पंधरा दिवस नीट जेवत नाही, रात्रभर जागा राहतो, कामात लक्ष घालत नाही, चारचौघांत बसत नाही, तेव्हा मात्र आपण म्हणतो, "डोक्याला ताप आहे, होईल कमी."

काही वेळा तो कमी होतो. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस असेच चालले तर ते नुसते काळजी करणे राहत नाही. त्याला नैराश्य म्हणतात. हिवताप, मधुमेह तसाच हा एक आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. कर्ज, नापिकी, पडलेले भाव ही कारणे खरी आहेत आणि गोळीने कर्ज फिटत नाही हेही खरे. परंतु आजारी मनाला समोरची वाट दिसत नाही. मन ठिकाणावर आले तर कर्जाचा मार्ग शोधता येतो.

मानसिक आजार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एकदम नागपूरचे मनोरुग्णालय उभे राहते. प्रत्येकाला तिथे जावे लागते असे नाही. केंद्र सरकारने १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला तो याचसाठी, की हे उपचार मोठ्या शहरांपुरते राहू नयेत. त्यातूनच १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. पुढे २०१५ साली राज्य सरकारने शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प काढला. आत्महत्यांची झळ लागलेले १४ जिल्हे त्यासाठी निवडले, त्यांत आपला वाशिम होता. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करावी, ज्याचे मन खचलेले दिसेल त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या दवाखान्यातील मानसोपचारतज्ज्ञाने तपासावे, अशी ती साखळी आहे.

साखळीची पहिली कडी मात्र घरात आहे. आशाताई दारात आल्या आणि घरच्यांनी "आमच्याकडे सगळे ठीक आहे" म्हटले की पुढची सारी यंत्रणा तिथेच थांबते. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, या भीतीने आपण दुखणे झाकतो.

ही कडी जुळली तर काय होते, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दिसले आहे. तिथल्या ३० गावांत एका प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. ते लोकांशी बोलत, धीर देत आणि गरजूला समुपदेशकाकडे व डॉक्टरकडे पोचवत. सुरुवातीला नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी जेमतेम ४ जण उपचारापर्यंत जात होते. दीड वर्षाने २७ जण जाऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तिथे काही नवे औषध निघाले नव्हते. माणूस आणि उपचार यांची गाठ घालून दिली, एवढेच.

आता घरी काय करावे ते सांगतो.

पहिले म्हणजे, विचारा. "अहो, तुम्ही जेवत नाही, झोपत नाही. जीव द्यावा असे तर मनात येत नाही ना?" असे सरळ विचारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातले बोलता येते आणि भार हलका होतो. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरे, फवारणीचे औषध कुलपात ठेवा. फळीवर, खाटेखाली नको. लागेल तेवढेच आणा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. जीव देण्याची उबळ पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या घडीला विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले.

तिसरे, दारूविषयी. दारूने दुःख विसरत नाही, नैराश्य वाढते. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून, कोंडून एकदम दारू तोडायला लावू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, भास होतात, झटकेही येतात. यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावी.

चौथे, औषध अर्ध्यावर सोडू नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. खत टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी पीक हिरवे होत नाही, तसेच हे. बरे वाटू लागले तरी डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या चालू ठेवा. देवाला नवस बोलला असाल तर तो जरूर फेडा, पण गोळी चुकवू नका.

आणखी एक. विष घेतलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने घरात ठेवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. अशा माणसाने तीव्र ताणाखाली हे केले असे कायदा धरतो, त्याला शिक्षा करीत नाही आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून तर जुने ३०९ कलमच गेले आहे. म्हणून वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली सोबत न्या. तिच्यावरचे नाव वाचून डॉक्टरला उपचार ठरवता येतो.

दवाखाना लांब असेल तर फोन आहे. १४४१६ हा 'टेली मानस'चा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तिथे रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे आज भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि उद्या आशाताई दारात आल्या तर त्यांना चहा द्या, बसवा आणि खरे काय ते सांगा.