दर्यावरच्या शिपायांची नावे कोण लिहिणार?

मोपाच्या विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडू लागली, आणि तेव्हापासून पेडण्याच्या राजकारणात दुसरा विषयच उरला नाही. सड्यावरची जमीन कोणाची गेली, मोबदला कोणाच्या नावे निघाला, नोकऱ्या कोणाच्या मुलांना लागल्या, टॅक्सीवाल्यांचे पुढे काय, हे सारे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण विमानतळ मोपाला येण्यामागे एक मोठे कारण होते, त्याकडे आमचे समाजबांधव सहसा वळत नाहीत. दाबोळी नौदलाची आहे. पोर्तुगीज अमदानीत बांधलेली ती धावपट्टी मुक्तीनंतर १९६२ मध्ये नौदलाकडे आली, १९६४ मध्ये आयएनएस हंसा हा तळ तेथे येऊन स्थिरावला, आणि नागरी विमानांना नौदलाच्या सरावाच्या वेळा सांभाळूनच ये-जा करावी लागली. नौदलाला जागा हवी म्हणून आमचा सडा गेला, असे चिडून म्हणणारे लोक वारखंड-कासारवर्णेत भेटतात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. परंतु नौदल आणि पेडणे-डिचोली यांचे नाते एवढ्या एका व्यवहाराचे आहे, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हांला मान्य नाही.

हे नाते जुने आहे. १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत पेडणे वाडीकर सावंत-भोसल्यांचे होते. तेरेखोलचा किल्ला त्यांनीच बांधला, नि १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला. तेरेखोलच्या खाडीत, वेंगुर्ल्याला, रेडीला वाडीकरांची गलबते असत. त्या गलबतांवर दोन प्रकारची माणसे असत. सारंग, तांडेल, खलाशी हे जहाज चालवणारे. आणि दुसरे नुसते लढणारे. आंग्र्यांची लढण्याची रीत इंग्रजांनीच लिहून ठेवली आहे. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या मोठ्या जहाजाच्या पिछाडीशी नेत, गुराबांच्या तोफा त्याची डोलकाठी आणि शिडे निकामी करीत, आणि मग गलबतांतून माणसे त्या जहाजावर चढत. त्या क्षणी तलवार घेऊन परक्या जहाजाच्या फळीवर पाय ठेवणारा जो, तो दर्यावरचा शिपाई. इंग्रज त्याला 'मरीन' म्हणतात. आमच्याकडे त्याला वेगळे नावही मिळाले नाही.

नाव मिळाले ते परक्यांच्या चाकरीत. ईस्ट इंडिया कंपनीने १७७७ मध्ये मुंबईच्या फौजेत एक पलटण उभी केली, तिला 'मरीन बटालियन' म्हणत. कंपनीच्या लढाऊ जहाजांवर सशस्त्र तुकड्या पुरवणे हे तिचे काम. पुढे तिची नावे बदलत गेली. १९०३ मध्ये ती १२१ वी पायोनियर झाली, १९२२ नंतर बॉम्बे पायोनियर्समध्ये गेली, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी पायोनियर पलटणीच मोडल्या तेव्हा तिचाही शेवट झाला. दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या पलटणीचे नाव आज कोणत्या गावात ऐकू येते? बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचा अभिमान घराघरांत आहे आणि तो रास्तच आहे. मरीन पलटण मात्र तिच्या कागदांबरोबर विसरली गेली.

येथे थोडे कडू बोलावे लागेल. मुंबईच्या फौजेत कोकणातले मराठे होते, महार होते, मुसलमान होते, बेने इस्रायली होते. समुद्र ओलांडला की जात बाटते, असे मानणारी घरे आमच्यातच होती; त्यामुळे जहाजावर जायला ज्यांना अडचण नव्हती ती माणसे या चाकरीत पुढे आली. पुढे १८९० च्या दशकाच्या आरंभी इंग्रज सरकारने महारांची भरतीच बंद केली. तेव्हा दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारला अर्ज केला, आणि आपल्या लोकांनी बजावलेल्या चाकरीचा दाखला दिला. सरकारने दाद दिली नाही. आरमाराचा वारसा सांगताना आम्ही सरखेलांची नावे घेतो, किल्लेदारांची घेतो, सनदा काचेच्या चौकटीत लावतो. फळीवर पाय ठेवणाऱ्याची जात कोणती होती हे कळले तर वारसा कमी होतो की काय, अशी भीती आमच्या काही जुन्या घराण्यांना अजून वाटते. ही भीती टाकल्याशिवाय दर्यावरच्या शिपायांचा इतिहास लिहिताच येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी कडू गोष्ट विजयदुर्गची. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. व्यासपीठावर उभे राहून आरमाराचा गौरव करणारे पुढारी ही गोष्ट सोयीने गाळतात.

आता मुक्तीसंग्रामाकडे येऊ. पेडण्याच्या माणसाला पत्रादेवी सांगावी लागत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे सत्याग्रहींवर गोळ्या झाल्या. पण डिसेंबर १९६१ ची अंजदीव बेटाची लढाई आमच्या मुलांना कितपत ठाऊक आहे? १८ डिसेंबरला आयएनएस त्रिशूलवरून नौसैनिकांची तुकडी होड्यांतून त्या बेटावर उतरली; आयएनएस मैसूरच्या तोफा पाठीशी होत्या. उतरणारे लोक नौदलाचेच, जमिनीवरच्या लढाईसाठी खास घडवलेले सैन्य नव्हते. समोरून गोळीबार झाला. सात नौसैनिक कामी आले. दुसऱ्या दिवशी बेट ताब्यात आले, आणि त्या सातांचे स्मारक वास्कोला आयएनएस गोमंतक येथे आहे. गोव्याच्या मुक्तीत भारतीय नौदलाचे जे रक्त सांडले ते प्रामुख्याने जहाजावरून किनाऱ्यावर उतरण्याच्या या कामात सांडले. म्हणून, आमच्याकडे 'मरीन' हा विषय परका आहे असे म्हणणाऱ्याला वास्कोला नेऊन ते स्मारक दाखवावे.

अशा कामासाठी खास तयार केलेले दल उभे राहायला पुढे पंचवीस वर्षे गेली. १९८७ मध्ये नौदलाने सागरी कमांडोंचे दल उभारले. आज त्याला आपण मार्कोस म्हणतो. इंग्रज-अमेरिकनांसारखे स्वतंत्र मरीन दल भारतात नाही. किनाऱ्यावर मोठ्या संख्येने उतरण्याचे काम लष्कराच्या त्यासाठी तयार केलेल्या ब्रिगेड करतात, आणि जहाजावर चढण्याचे काम या कमांडोंकडे येते. १६ मार्च २०२४ रोजी अरबी समुद्रात 'रुएन' या जहाजावरील ३५ चाच्यांना शरण आणून १७ खलाशांची सुटका झाली, त्या मोहिमेत मार्कोस विमानातून समुद्रात उतरले होते. गुराबाच्या जागी सी-१७ विमान आले. परक्या फळीवर पाय ठेवणारा माणूस मात्र तोच.

सरकारी पातळीवर आरमाराचे स्मरण अलीकडे जोरात आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला. त्याच वेळी मालवणच्या राजकोटावर उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, मग २०२५ मध्ये नवा उभा राहिला. पुतळा पडला तेव्हा दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी जे केले ते वाचकांनी पाहिलेच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्या सगळ्या गदारोळात एकाही पुढाऱ्याने किनाऱ्यावरच्या निवृत्त नौसैनिकाच्या घरी जाऊन त्याला काही विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

विचारले असते तर काय कळले असते? निवृत्तिवेतनाचे काम आता 'स्पर्श' या संगणकप्रणालीवर गेले आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरताना ऐंशीच्या घरातल्या माणसाला नातवाची विनवणी करावी लागते. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदावर नावातले एक अक्षर चुकले तर विधवेच्या पणजीला खेपा सुरू होतात. समान पद, समान निवृत्तिवेतन ही घोषणा ५ सप्टेंबर २०१५ रोजी झाली तेव्हा संरक्षणमंत्री आमच्या म्हापशाचेच मनोहर पर्रीकर होते, आणि मोपाच्या विमानतळाला नावही त्यांचेच आहे. (वाडीच्या बाजूचे लोक गमतीने म्हणतात, आमचा मनोहरगड आधीचा.) त्या नावाच्या विमानतळापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माजी सैनिकाला कागदासाठी दिवस मोडावा लागतो. राज्य सैनिक मंडळाचा माणूस ठरलेल्या दिवशी पेडण्यात आणि डिचोलीत येऊन बसला तर याला फार खर्च येणार नाही. मते मागायला येणाऱ्यांना हा प्रश्न घरी विचारावा. सभेत विचारला की उत्तर टाळ्यांत बुडते.

पण सरकारने करायचे ते सरकारकडे सोपवून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. सड्याला भाव आल्यापासून जुनी घरे वाटण्या होऊन विकली जात आहेत. घर रिकामे करताना देवांची पितळी भांडी नीट बांधतात, पंचायतनाचा चौरंग भाऊबंदांत वाटून घेतात. माळ्यावरची पत्र्याची पेटी भंगारवाल्याला जाते. त्या पेटीत डिस्चार्ज बुक असते, पदके असतात, एडनहून किंवा विशाखापट्टणमहून आलेली पत्रे असतात, कधी मोडीतला एखादा कागद असतो. उरलेल्याचा फडशा वाळवी पाडते. अमेरिकेचे मरीन दरवर्षी १० नोव्हेंबरला आपल्या दलाचा वाढदिवस करतात. त्यात हजर असलेला सर्वांत वयस्क मरीन केकचा तुकडा सर्वांत तरुण मरीनच्या हातात देतो. आम्हांला केक नको. पण पुनावेला पेडण्यात सारा तालुका लोटतो, त्या गर्दीत कोण कधी कुठल्या जहाजावर होता हे त्याच्या शेजाऱ्यालाही माहीत नसते.

म्हणून आपल्या संस्थेने एक वही करण्याचे ठरवले आहे. पेडणे, डिचोली आणि नदीपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्ग या पट्ट्यातील, कोणत्याही जातिधर्माचा, जहाजावर शस्त्र घेऊन चाकरी केलेला जो माणूस असेल, त्याची नोंद यात होईल: गाव, वाडा, पलटण किंवा जहाज, भरती आणि निवृत्तीचे साल, आणि घरच्यांना सांगावेसे वाटेल ते. नवरा दर्यावर असताना शेत, सासू-सासरे आणि मुले सांभाळणाऱ्या बाईचे नाव त्याच पानावर येईल. सध्या चाकरीत असलेल्यांची नावे मात्र कोणी पाठवू नयेत. विशेषतः कमांडो दलात असलेल्या मुलाचा फोटो, नेमणुकीचे ठिकाण, सुट्टीचे दिवस हे लग्नाच्या पत्रिकेत किंवा मोबाईलवर झळकवण्याची हौस आवरावी. ती हौस त्याच्या जिवावर बेतू शकते. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, आमच्या कार्यकर्त्यांच्याही नाही. झेरॉक्स पुरे. मोडीतला कागद असेल तर तो घडी मोडून सरळ करण्याचा प्रयत्न करू नका, वाचणारा माणूस आम्ही घरी पाठवू. आणि पेटीला गंज चढून कुलूप उघडत नसेल तर कुलूप फोडा, पेटी विकू नका.