पक्कड म्हणजे पाना नव्हे!

गेल्या शनिवारी निमगाव सावाला गेलो होतो. काका कांद्याच्या ठिबकचा सँड फिल्टर उघडत होते. एका हातात पाईप पाना, दुसऱ्या हातात छिन्नी. नटाचे सहा कोपरे केव्हाच झिजून तो गोटीसारखा गोल झालेला!

"काका, प्रेशर सोडलं का?"

"अरे, मोटर बंदच आहे की."

तर मंडळी, भांडण इथूनच सुरू. मोटर बंद म्हणजे प्रेशर शून्य नव्हे. पाईपलाईन पुढे 20 मीटर चढावर गेली असेल आणि वाटेतला व्हॉल्व्ह उघडा असेल, तर ते उभं पाणी फिल्टरवर 2 किलोचा दाब देत बसतं. झाकणाचा व्यास 20 सेंटीमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ 314 चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा: 628 किलो! आणि आपण त्यावर वाकून छिन्नी मारतोय. शिवाय स्टार्टरला 'ऑटो' लावलेला. लाईट आली की मोटर आपोआप चालू. कोणाला विचारणार नाही ती.

अमेरिकेत घरी बीअर करणारे हौशी लोकसुद्धा केगचं झाकण काढण्याआधी रिलीफ व्हॉल्व्ह ओढून गॅस सोडतात. आपण पिण्याच्या नाही, पोटाच्या धंद्यात आहोत, तरी एवढं करत नाही.

म्हणून माझ्या मते पहिलं हत्यार पाना नाहीच. आधी ऑटो बंद, मेन स्विच खाली, ड्रेन कॉक उघडा, गेजचा काटा शून्यावर आलेला बघा. काटा अडकलेला असू शकतो, म्हणून कॉकमधून पाणी थांबलंय हे डोळ्यांनी बघा. मग पाना. तोही रिंग पाना, नटाला सगळीकडून धरणारा. एम-12 च्या बोल्टला बहुधा 19 चा लागतो, नव्या मापाच्या बोल्टला 18 चा. 18 च्या नटावर 19 चा चालवलात की कोपरे गेलेच. पाईप पाना गोल पाईपसाठी असतो, त्याचे दात नट खातात. गंजलेल्या नटावर डिझेल टाकून चहा पिऊन या. हातोडा नंतर.

"आमचं असंच चालतं" हे मला ऑफिसातही ऐकवतात. तिथे निदान सर्व्हर पडतो, माणूस नाही.

काकांची बाजूही आहे म्हणा. रात्रीची लाईट, बिबट्याची भीती, तोंडात बॅटरी धरून कोण मापाचा पाना शोधणार? कबूल. म्हणूनच ते दोन पाने फिल्टरलाच तारेने बांधून ठेवायचे. रविवारी नारायणगावातून आणून बांधले.

आणि तो जुना पाईप पाना? मी बॅगेत घालून पुण्याला आणलाय. काकूंना माहीत आहे, काकांना अजून नाही.