नकाराचीही पावती द्या

आम्ही रेशनकार्डधारक, रोजगार हमीचे मजूर, निराधार पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या, पीक पाहणीसाठी मोबाइल घेऊन बांधावर उभे राहणारे शेतकरी आणि या सगळ्यांचे फॉर्म भरून देणारी कॉलेजची पोरं. आमची मागणी एका ओळीत मावते. मशीन धान्य देतं तेव्हा पावती निघते; मशीन नाकारतं तेव्हाही निघाली पाहिजे.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला आता ओळख मिळेल, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. याच जिल्ह्यात मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठं खुडणाऱ्या बायांची बोटं बघा. रेषा झिजलेल्या, कातडी सोललेली. रास्त भाव दुकानात अशी बाई अंगठा लावते. लागत नाही. दुकानदार काच फडक्याने पुसतो, "मावशी, हात धुऊन या" म्हणतो. मग तर्जनी, मग डावा हात. मागची रांग कुरकुरायला लागते. शेवटी "उद्या या, सर्व्हर स्लो आहे." उद्या म्हणजे आणखी एक रोज बुडाला.

या सगळ्याची नोंद कुठे होते? बोटाचा ठसा जुळला नाही तर आधारच्या यंत्रणेत त्याला ३०० हा संकेतांक आहे. म्हणजे तिथे दप्तरी काहीतरी राहतं. ते बघायचं तर त्या मावशीने ऑनलाइन जाऊन स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी मागवायचा! आणि रेंजच नसेल तर तेवढीही नोंद नाही, कारण विनंती दुकानाबाहेर पडलेलीच नसते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात हे रोजचं आहे. वर मंत्रालयात पडद्यावर आकडे दिसतात ते झालेल्या वाटपाचे. परत गेलेली बाई त्या पडद्यावर नसतेच.

रोजगार हमीचा कायदा या महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. देशाने तो नंतर उचलला. त्याच रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी अॅपवर सक्तीची झाली, दिवसातून दोन फोटो. दुसरा फोटो चढला नाही तर मजुरी अडते, मग खोदलेला चर डोळ्यांसमोर का असेना. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर आली आणि तलाठ्याचं काम शेतकऱ्याच्या गळ्यात पडलं. अॅप अडकलं की सातबारावर पीकपेरा कोरा. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर ओटीपी मागत होती. दोघेही वारलेले असतील तर तो कुणाच्या फोनवर यायचा, हे बायांनी आरडाओरडा केल्यावर सुचलं.

आम्ही मशीनच्या विरोधात नाही. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापुरात फडावर असताना तिथल्या दुकानातून आपलं धान्य उचलू शकतो, ते मशीनमुळेच. परस्पर दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणंही अवघड झालं, हे मान्य. वारणेचं उदाहरण तर आम्ही मुद्दाम सांगतो. १९९८ मध्ये वारणानगरच्या आसपासच्या ७० गावांत संगणक बसवले, मोठमोठी स्वप्नं दाखवली. शेतकऱ्यांनी त्यातलं आपल्या कामाचं तेवढं घेतलं: उसाचं वजन, तोडीची पाळी, बिलाची रक्कम. पुढे सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस आला, तरी कुणाचं काही अडलं नाही. तिथे माहिती शेतकऱ्याकडे येत होती. आता ती आमच्याकडून वर जाते, आणि वाटेत अडकली की दंड आम्हाला.

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ काय म्हणतो? अधिसूचित सेवा नाकारायची तर अधिकाऱ्याने कारण लेखी द्यावं. कसूर झाली तर ५०० ते ५००० रुपये दंड. माणसाला जे बंधन आहे ते मशीनला का नाही? दुकानात, हजेरीच्या जागी, सेवा केंद्रावर, जिथे कुठे यंत्रणा "नाही" म्हणेल तिथे तारीख, वेळ आणि कारण लिहिलेला कागद हातात पडला पाहिजे. आणि धान्य त्याच दिवशी, वहीत सही घेऊन. ठसा जुळला नाही म्हणून कुणाला उपाशी परत पाठवू नये, असे आदेश २०१७ पासून आहेत. ते दुकानाच्या फलकावर मराठीत आणि आदिवासी पट्ट्यात तिथल्या बोलीत लावा. फलकाला रेंज लागत नाही.

सरकार पावती देईपर्यंत ती आम्हीच लिहिणार. प्रत्येक गावात एक वही. कोण, कधी, कुठे, मशीन काय म्हणालं, किती मजुरी बुडाली, गाडीभाडं किती गेलं. वही दर ग्रामसभेत मोठ्याने वाचायची. राजस्थानात कोटकिराना गावी २ डिसेंबर १९९४ रोजी मजुरांसमोर हजेरीपट असेच वाचले गेले आणि मेलेल्यांच्या नावावर उचललेले पैसे लोकांना ऐकू आले. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याची वाट त्या वाचनातून गेली. ज्या बाईची नोंद असेल तिने हो म्हटलं तरच नाव वाचायचं, नाहीतर नुसती तारीख. आधार क्रमांक कुणाचाच वहीत लिहायचा नाही.

रेशन दुकानदार, सेवा केंद्रचालक, रोजगार सेवक यांनीही आमच्यासोबत यावं. शिव्या त्यांनाच खाव्या लागतात आणि बिघाड त्यांच्या हातात नसतो. नाव, लोगो, लेटरहेड यांची घाई नाही. वर्गणी नाही, मिस्ड कॉल नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपची सक्ती नाही. ज्यांच्या गावात रेंज नाही त्यांनी बाजाराच्या दिवशी वही घेऊन माणूस पाठवावा.