दर्या पर्यायांत नव्हता

लोकसभेच्या गेल्या निवडणुकीआधी, एप्रिलातल्या एका दुपारी मला सर्वेक्षणाचा फोन आला. आधी ध्वनिमुद्रित आवाज आणि मग खरीखुरी बाई. ‘तुमच्या मतदारसंघातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता? रोजगार, महागाई, रस्ते, पाणी, पर्यावरण की भ्रष्टाचार?’ मी तेव्हा मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर शेजारच्या काकांजवळ बसलो होतो. ते फाटलेलं जाळं सांधत होते. मला पटकन उत्तर सुचेना, म्हणून फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला.

काका म्हणाले, “दर्या.”

बाईंनी पर्याय पुन्हा वाचले. काका पुन्हा म्हणाले, “दर्या, गे बाय.” तिसऱ्या वेळी तिने समजुतीच्या सुरात विचारलं, ‘म्हणजे मी पर्यावरण लिहू का?’ तशी काकांचा पारा चढला. “पर्यावरण तुमच्याकडेच रवांदे. माका दर्या व्हयो.”

फोन कट झाला. आमचं मत कुठल्या रकान्यात पडलं, देव जाणे. ‘सांगता येत नाही’ या रकान्यात पडलं असावं, असा माझा दाट संशय आहे. निकालाआधी वाहिन्यांवर जे रंगीत तक्ते दाखवतात, त्यांत हा रकाना नेहमी करड्या रंगाचा असतो. कोकणचा बराच भाग मला त्या करड्या रंगात दिसतो.

पर्यावरण या शब्दाचा काकांना राग का, हे कळायला १९८७ सालात जावं लागतं. त्या वर्षी १३ एप्रिलला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला साधारण ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. गाबित मच्छीमारांच्या पिढ्यान् पिढ्या जिथे होड्या लोटत आल्या, नेमकं तेच पाणी. कागदावर रेघ बरोबरच होती. तिथे प्रवाळ आहे, खडकाळ तळ आहे, माशांची पिल्लं वाढतात. पण इथल्या माणसाचं म्हणणं आज अडतीस-चाळीस वर्षांनीही एकच आहे: आमका कोणी इचारल्यान? पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधतेचा प्रकल्प आला, कांदळवन कक्ष आला, खेकडापालन आलं, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांच्या बचत गटाने कांदळवनाची सफर सुरू केली. कामं चांगली झाली. पण गावोगावच्या बैठकांत पहिला प्रश्न ठरलेला असायचा: हे त्या अभयारण्याचंच दुसरं नाव तर नव्हे ना?

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की मालवणचा मच्छीमार पर्यावरणाच्या विरोधात आहे. शहरातल्या परिसंवादात असं बोलताना मी लोकांना ऐकलंय. तर हेच काका पर्ससीनच्या विरोधातल्या मोर्चात पुढे असतात आणि बोलताना पर्ससीनवरच्या सोमवंशी समितीच्या अहवालाचा दाखला देतात.

पर्ससीनचा वाद किनाऱ्याबाहेरच्या वाचकांना दोन धंद्यांतलं भांडण वाटतो. थोडं आतून सांगतो. रापण म्हणजे वाट बघायचा धंदा. होडीतून जाळं अर्धगोलात सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि वाडीतल्या माणसांनी दोन्हीकडून ओढायचं. ओढायला येईल त्याला वाटा. तारली, बांगडा, पेडवे आपण होऊन किनाऱ्यालगत आले तरच रापण लागते, नाहीतर दिवसभर ओढून जाळ्यात शेवाळ आणि चार खेकडे. पर्ससीनचं जाळं वाट बघत नाही. ते थव्याला बाहेरच्या पाण्यातच वेढा घालतं आणि बटव्याच्या नाडीसारखं खालून आवळतं. त्यात एलईडीचे झोत आले. अंधाऱ्या रात्री दिव्याभोवती मासळी गोळा होते, मोठी काय नि बारीक काय. किनाऱ्याला यायला मग उरतं कोण?

५ फेब्रुवारी २०१६ला राज्य सरकारने पर्ससीनवर मर्यादा घालणारा आदेश काढला: मुदत सप्टेंबर ते डिसेंबर, परवान्यांची संख्या हळूहळू कमी. २०१७च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१मध्ये राज्याने १९८१चा सागरी मासेमारी कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेला. जानेवारी २०२५पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. यातलं पहिलं काम युती सरकारच्या काळातलं, दंड वाढवण्याचं महाविकास आघाडीचं, ड्रोनचं महायुतीचं. म्हणजे कुणी काहीच केलं नाही असं कुठल्याही पक्षाला म्हणता येणार नाही. आणि तरीही हंगामात एखाद्या रात्री मालवणच्या राजकोट किल्ल्यावर जाऊन उभे राहा, क्षितिजावर दिवाळी दिसते.

दुसरी बाजू दडवण्यात अर्थ नाही. पर्ससीनवालेही आमच्यातलेच आहेत. कर्ज काढून नौका बांधली, खलाशी बाहेरून आणले, बर्फ-डिझेल उधारीवर, आणि त्यांचा प्रश्नही चुकीचा नाही: कर्नाटकातले, गोव्यातले वेगवान ट्रॉलर आपल्या पाण्यात येऊन भरून नेतात, मग बंदी फक्त आम्हालाच का? एकाच घरात थोरला भाऊ रापणसंघात आणि धाकटा पर्ससीनवर, अशी घरं मला ठाऊक आहेत. सणाला दोघं एका पंगतीत बसतात आणि मासळीवर बोलत नाहीत. लोकमत म्हणजे काय, ते अशा पंगतीत बसल्यावर कळतं.

आता पक्षांकडे वळू. त्यांचा दर्या वेगळा.

१९९५च्या निवडणुकीत युतीने एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्ध रान उठवलं. सत्तेवर आल्यावर प्रकल्प रद्द केला आणि १९९६मध्ये नव्या वाटाघाटी करून परत आणला. तेव्हा मी तरुण होतो, मला धक्का बसला होता. नाणारच्या रिफायनरीच्या वेळी बसला नाही. रिफायनरीची अधिसूचना निघाली मे २०१७मध्ये. साठ दशलक्ष टनांचा आणि तीन लाख कोटींचा हा प्रकल्प. राजापूर तालुक्यातली चौदा गावं आणि आमच्या देवगडातली गिर्ये आणि रामेश्वर ही दोन. हापूसच्या बागांतली गावं ती. अधिसूचना काढणारं उद्योग खातं शिवसेनेकडे आणि प्रकल्पाला विरोधही शिवसेनेचाच. भाजप बाजूने. नारायण राणे स्वतःच्या स्वाभिमान पक्षात असताना विरोधात होते. भाजपमध्ये गेल्यावर ते समर्थनात आले. फेब्रुवारी २०१९मध्ये युती जुळली आणि मार्च उजाडताच अधिसूचना रद्द. जानेवारी २०२२मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रिफायनरीसाठी बारसूची जागा सुचवणारं पत्र पंतप्रधानांना पाठवलं. एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर, कातळशिल्पांच्या शेजारी, माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बायाबापड्यांना पोलीस उचलत होते आणि मे महिन्यात तेच ठाकरे विरोधकांच्या बाजूने तिथे उभे होते.

हा सगळा घटनाक्रम इथल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर माणसांना पाठ आहे. कुणी फसलेला नाही. मग मतं कशी पडली? २०१९मध्ये लोकसभेला शिवसेनेचे विनायक राऊत पुन्हा निवडून आले, तेव्हा तो रिफायनरीविरोधी कौल ठरवला गेला. २०२४मध्ये त्यांना हरवून राणे जवळपास ४८ हजार मतांनी आले, रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात पहिल्यांदा कमळ फुललं. मग पाच वर्षांत कोकणाला रिफायनरी आवडू लागली काय? मुळीच नाही. दोन्ही वेळचे विश्लेषक आपापल्या तक्त्यात एकच चूक करत होते.

याहून ठसठशीत उदाहरण राजकोटाचं. ४ डिसेंबर २०२३ला पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या शिवपुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ला पुतळा कोसळला, नऊ महिनेही पुरले नव्हते. दोन दिवसांनी किल्ल्यावर दोन पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांवर धावून गेले. ती दृश्यं सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. मालवणात त्या आठवड्यात लोक खरोखर व्यथित होते, घरातलं कुणी गेल्यासारखे. पण बोलणं ज्यावर चालायचं ते वेगळंच. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती दिवस टिकतं, हे इथल्या खिडकीच्या गजाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. तीनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक आली. मालवण ज्या कुडाळ मतदारसंघात येतं, तिथून सत्ताधारी शिवसेनेचे निलेश राणे निवडून आले, आमदार वैभव नाईक पडले. मुंबईच्या एका मित्राने फोन करून विचारलं, ‘तुम्हा लोकांना काहीच कसं वाटत नाही रे?’

वाटतं. पण मतपेटीत ते टाकायची आमची रीत नाही.

आमचा लोकसभा मतदारसंघ राजापूर होता तेव्हा त्याने बॅरिस्टर नाथ पैंना तीनदा आणि मधू दंडवत्यांना पाचदा दिल्लीला पाठवलं. काँग्रेसच्या भरतीच्या काळातही समाजवादी निवडून देणारा जिल्हा म्हणून आमचं नाव होतं. तेव्हाच्या सभा आठवणारे म्हातारे सांगतात की लोक भाषण ऐकायला मैलोन् मैल चालत जात. पण त्या काळीही घर चालायचं ते गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर. आज मुलं गोव्यात कामाला जातात, काही पर्यटनात आहेत. १९९७मध्ये आमचा सिंधुदुर्ग जिल्हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला खरा, पण ती पाटी खरी करून दाखवली ती तारकर्लीच्या, देवबागच्या माणसांनी, घरातली खोली रिकामी करून आणि जुन्या होडीला रंग देऊन. अशा संसारात आमदार-खासदार लागतो तो कामाला. इस्पितळात खाट, मुलीची बदली, वाडीचा रस्ता, साकव, विजेचा खांब. त्यासाठी जो आपला फोन उचलतो त्याला मत. पक्ष कुठला, हे चिन्ह बघितल्यावर आठवतं. राणे २००५मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, त्याच साली मालवणातून पुन्हा निवडून आले. माणूस तोच, चिन्ह दुसरं. मग २०१४मध्ये कुडाळात त्याच माणसाला लोकांनी घरी बसवलं. तत्त्वनिष्ठा शोधणाऱ्याचं डोकं भणभणेल. फोनाचा हिशेब ठेवणाऱ्याला दोन्ही निकाल उलगडतात.

आणि दर्यासाठी? दर्यासाठी मोर्चा, ग्रामसभेचा ठराव, मत्स्य खात्याच्या दारात ठिय्या. काका तर त्याच्याच मोर्चात गेले ज्याच्या विरोधात त्यांनी मत दिलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मत वेगळा, दर्या वेगळो. दोन्ही एका टोपलीत घातलं तर दोन्ही कुसतली.”

बरीच वर्षं मला हे वाक्य फार शहाणपणाचं वाटायचं. मित्रांना मी ते ऐकवायचो. आता तितकं वाटत नाही. दोन टोपल्या ठेवल्या, त्याचा फायदा आम्हाला झाला तसा पक्षांनाही झाला, आणि त्यांना जास्त झाला. समुद्रावरून या किनाऱ्यावर कुणाची आमदारकी गेल्याचं निदान मला आठवत नाही. मग दिवे विझवायची घाई कुणाला असणार? तोंडवळी-वायंगणीच्या सी-वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाचं घ्या. सुरुवातीला तेराशे एकरांच्या वर जमीन मागितली, लोकांनी विरोध केला, आकडा खाली आणला, तरी विरोध राहिला, तर काही जमीनमालक द्यायला तयारही होते. प्रकल्प झालाही नाही आणि संपलाही नाही. दर निवडणुकीला तो थोडा हलतो आणि परत झोपतो. गावाला ना जमिनीचे पैसे मिळाले, ना निश्चिंती.

दुसऱ्यांवर बोट दाखवताना माझ्या परसातलंही सांगायला हवं. आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी दिवाळी आणि मे महिन्यात पाहुण्यांना देतो. त्यातल्या न्हाणीघराचा शोषखड्डा भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर आहे, हे मी आजवर मोजलेलं नाही. मोजायला टेप घरात आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०११च्या अधिसूचनेत मालवणची गणना अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत केली होती. तेव्हा मी याच सदरात तिचं स्वागत केलं होतं आणि त्याच वर्षी दुसरी खोली बांधली. पाहुणे ताटातली सुरमई बघून खूश होतात. ती कुठल्या जाळ्यातली, ते कुणी विचारत नाही, आणि मीही लिलावात विचारत नाही.

तेव्हा लोकमत कुठे शोधायचं? मला ते काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडलं. गेल्या पावसाळ्यात, जून-जुलैची बंदी चालू असताना, त्यांनी ती उघडून दाखवली. अभयारण्याच्या वेळेपासूनची निवेदनं, हरकती, ठरावांच्या प्रती, पर्ससीनवरची, ट्रॉलरवरची, सी-वर्ल्डवरची. कोपरे वाळवीने खाल्लेले, अक्षर दर वेळी वेगळ्या मुलाचं, सही मात्र त्यांची, आधी ठळक, मग थरथरती. कुठल्याही पाहणीपेक्षा जास्त मत त्या ट्रंकेत होतं. एक एक कागद बघत गेलो तेव्हा लक्षात आलं की चाळीसेकांपैकी फक्त तीन कागदांवर कार्यालयाचा आवक शिक्का आहे. बाकीचे त्यांनी नुसते साहेबांच्या हातात दिले होते. साहेब बदलून गेले.

पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४पासून ३१ जुलै २०२४पर्यंत सहा वेळा निघाला, दर वेळी हरकतींना साठ दिवस. असे कागद पुढेही निघत राहतील, घाटाचे आणि किनाऱ्याचेही. बाजूने लिहा की विरोधात, ते तुमचं तुम्ही ठरवा. मत हवं त्याला द्या. पण हरकत दोन प्रतींत लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून मिळेपर्यंत त्या कार्यालयातून उठू नका.