रिकाम्या जागेने बोलले पाहिजे

आपल्या मंडळाच्या बहुतेक सभासदांच्या रुग्णालयांत हाताने लिहिलेल्या डिस्चार्ज कार्डाची जागा आता संगणकाने छापलेल्या कार्डाने घेतली आहे. डॉक्टरांच्या अक्षरावरचे विनोद त्यामुळे कालबाह्य झाले, याबद्दल मला समाधानच आहे. तथापि सुवाच्य कार्ड म्हणजे निर्दोष कार्ड, असा आपला नकळत जो समज होऊन बसला आहे, त्याविषयी माझ्याच रुग्णालयात घडलेल्या एका चुकीच्या आधारे चार शब्द लिहावेत असे वाटते.

आमच्या बडोद्यात पालकांना कार्ड बहुधा गुजरातीत लागते. मात्र आई-वडील दोघेही नोकरीला जातात आणि दिवसभर बाळ आजीजवळ असते, अशा मराठी घरांसाठी आम्ही मराठी कार्डाचीही सोय ठेवली आहे. एका दहा किलो वजनाच्या बाळाला तापातून बरे वाटल्यावर घरी पाठविले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी कार्ड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ताप आला तर औषध द्या असं लिहिलंय, पण किती द्यायचं ते कुठंच नाही." मी कार्ड पाहिले. "पॅरासिटामॉल" आणि "मिली" या दोन शब्दांमध्ये कोरी जागा होती. खाली माझी स्वाक्षरी होती.

या कोऱ्या जागेचे मोल बालरोगतज्ज्ञांना सांगावयास नको. इतर वाचकांसाठी सांगतो. दर किलोस 15 मिलिग्रॅम या हिशेबाने त्या बाळाची एका वेळची मात्रा 150 मिलिग्रॅम होते. पाच मिलीत 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते 6 मिली, पाच मिलीत 250 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 3 मिली, तर एका मिलीत 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे दीड मिली. घरातल्या फडताळात यांपैकी कोणतीही बाटली असू शकते. सिरपचे 6 मिली लक्षात ठेवून कोणी तेवढेच थेंबांचे औषध पाजले, तर चौपट मात्रा पोटात जाते. आजींनी अंदाजाने औषध दिले नाही, विचारावयास आल्या, म्हणून आम्ही वाचलो.

चूक कशी झाली हे आमची प्रणाली तयार करणाऱ्या तरुणाकडून मी समजावून घेतले. अशा कार्यक्रमांत मजकुराचा एक साचा असतो. कायमची वाक्ये त्यात लिहिलेली असतात आणि बाळाचे नाव, वजन, मात्रा यांच्या जागी दुहेरी महिरपी कंसांत नुसती नावे असतात. छपाईच्या वेळी साचे भरणारे यंत्र त्या नावांच्या जागी खरी माहिती घालते. आमच्याकडे त्यासाठी आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन प्रोग्रॅमरने रचलेले 'जिंजा' वापरले आहे. जिंजा म्हणजे जपानी देवालय. 'टेम्पल' आणि 'टेम्प्लेट' यांच्या उच्चारसाम्यावरून हे नाव पडले.

साचे निरनिराळ्या फायलींत ठेवता येतात, किंवा यादीच्या रूपाने संगणकाच्या स्मृतीतही ठेवता येतात. यादीत साच्याचे नाव शोधावयाचे आणि त्यापुढचा मजकूर उचलावयाचा. आम्ही दुसरा मार्ग पत्करला होता. साचे डेटाबेसमध्ये असल्याने मला स्वतःला ते सुधारता येत. सकाळी कार्यक्रम सुरू होताच ते एकदा स्मृतीत भरले जात आणि दिवसभर तेथूनच वापरले जात. प्रत्येक टेबलावरच्या संगणकात फायली सांभाळण्याचा त्रास वाचत असे. ही पद्धत मुळात चांगली आहे आणि आजही आम्ही ती सोडलेली नाही.

परंतु कार्यक्रमात मात्रेच्या रकान्याचे नाव बदलले तेव्हा गुजराती साचा सुधारला गेला आणि क्वचित लागणारा मराठी साचा तसाच राहिला. जुने नाव यंत्राला सापडले नाही. न सापडलेल्या नावाच्या जागी काही न छापता पुढे जाणे हा जिंजाचा मूळ स्वभाव आहे. त्याने तक्रार केली नाही आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. दुरुस्तीनंतरही त्या दिवशी कोरेच कार्ड निघाले, कारण डेटाबेसमधला साचा बदलला तरी स्मृतीतली प्रत जुनीच होती. कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती बदलली.

माझे म्हणणे एवढेच आहे की, वैद्यकीय कागदावर गहाळ माहितीने गप्प राहता कामा नये. जिंजातच त्यासाठी कडक पद्धतीची सोय आहे. ती निवडली की नाव न सापडताच छपाई थांबते आणि त्रुटी दाखविली जाते. गर्दीच्या वेळी कार्ड अडले तर खोळंबा होतो, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. तो खरा आहे. पण मात्रेविना घरी गेलेल्या कार्डापेक्षा दहा मिनिटे अडलेले कार्ड मला पत्करेल.

कोऱ्या जागेहूनही घातक गोष्ट म्हणजे आधीच भरून ठेवलेली जागा. "लसीकरण वयानुसार पूर्ण", "कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही" ही वाक्ये अनेक साच्यांत पक्की लिहिलेली आढळतात. प्रश्न न विचारताच त्यांचे उत्तर छापले जाते. अशा जागी "विचारले नाही" एवढेच छापावे.

साच्यांना वयही असते. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 2001 सालची. कमी ऑस्मोलॅरिटीचे ओआरएस 2002 सालचे. अतिसारात झिंक द्यावे हे युनिसेफसह केलेले निवेदन 2004 सालचे. त्याआधी लिहिलेला सल्ला एखाद्या साच्यात राहून गेला असेल, तर तो आजही तितक्याच सुबक अक्षरांत छापला जाईल. म्हणून आमच्या प्रत्येक कार्डाच्या तळाशी आता साच्याची तारीख छापली जाते. साचा बदलण्याचा अधिकार दोघांनाच आहे, कारण साच्यात लिहिलेली सूचना यंत्र आज्ञा म्हणून पाळते. बदल केला की सर्व भाषांतली कार्डे नमुन्यादाखल छापून, वाचून मगच वापरात येतात.

शेवटचा मुद्दा आपल्या समाजापुरता. ज्या भाषेचे कार्ड कमी निघते, तिच्यातली चूक उशिरा सापडते. बडोद्यात ती भाषा आपली आहे. मराठी कार्ड ठेवावयाचे असेल, तर ते गुजराती कार्डाइतक्याच काळजीने तपासणे आपले कर्तव्य ठरते. व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की, या आठवड्यात आपापल्या रुग्णालयातील एक मराठी कार्ड छापून घ्यावे आणि स्वाक्षरी करण्यापूर्वी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.