सात मजले आणि एक बोळ

नारायण पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे सात मजली इमारत होणार हे कळले, तेव्हा पहिला पेढा मीच वाटला. खोटे कशाला बोलू? ४० वर्षे सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस ‘वारसा’ वगैरे शब्द वापरत नाही. कोरीव खांबांवर लेख लिहिणाऱ्यांना एकदा श्रावणात आमच्या माडीवर गळतीखाली पातेली मांडायला बोलवा. लेख आपोआप आखूड होईल.

पण नकाशा पाहिला आणि पेढा घशात अडकला. बिल्डरसाहेबांना विचारले, “बोळाचं काय?”

“काका, बोळ कुठला? आराखड्यात ९ मीटरचा रस्ता आहे!”

आहे, आराखड्यात आहे. जो वाडा पडेल तो मागे सरेल, असा तो हिशेब. आम्ही सरलो. शेजारचे दोन्ही वाडे कोर्टात. ते जागचे हलायचे नाहीत. म्हणजे आमच्यापुढे तेवढा रुंद रस्ता आणि दोन्हीकडे पुन्हा तोच बोळ! बोकड गिळलेला अजगर पाहिलाय? तस्सा. त्याच्या पोटात २८ बिऱ्हाडांच्या मोटारी जिरवायच्या आहेत.

“आणि आगीचा बंब कसा येणार?”

“पेशव्यांचा शनिवारवाडासुद्धा सात मजली होता म्हणतात, काका.”

होता ना! आणि १८२८ च्या आगीत जळूनही गेला. उरले ते तट आणि जोती. एवढा भाग बिल्डरच्या इतिहासात नसावा.

सरकारचा इतिहास मीटरमध्ये असतो. २०१० पासूनचा कायदा म्हणतो, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवे बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्या. म्हणजे शनिवारवाड्याला खेटून राहणाऱ्याने पडका वाडा नव्याने बांधायचा नाही आणि आमच्यासारख्या लांबच्याने रस्ता नसताना मजले चढवायचे! तटाला जपणारा कायदा आहे. पेठेला वाली नाही.

बांधा, जरूर बांधा. पण मजले मोजण्याआधी बोळ मोजा, गटार मोजा. आणि मधला चौक राखा. त्यात उजेड, वारा, पापड, मुंजी, भांडणे सगळे मावत होते. नकाशात त्या जागी ‘पार्किंग’ लिहिलेय.

सही? केली की! घरात स्वतंत्र संडास म्हटल्यावर पेठेतला माणूस कुठेही सही करतो, हे त्यांना पक्के ठाऊक. फक्त सहीच्या वर मी लिहिले, ‘बंब कसा येणार?’

उत्तर अजून आलेले नाही. पेढे मात्र आले.