टेकतां टेकतां परत उठलेलें विमान

गेल्या आषाढांत वडील बंधूंच्या दुखण्याचा निरोप आला, म्हणून आम्ही कुटुंबासह दिल्लीहून विमानानें मुंबईस निघालों. मुंबईवर पावसानें व वाऱ्यानें धुमाकूळ मांडला होता. घाटकोपरच्या बाजूनें विमान खालीं आलें, घरांचीं छपरें स्पष्ट दिसूं लागलीं. इतक्यांत यंत्रें मोठ्यानें गर्जलीं आणि विमान पुनः आकाशांत चढलें. दुसऱ्यांदा खालीं येण्यास बराच वेळ लागला. शेजारच्या एका गृहस्थांनीं वैमानिकास भित्रा म्हटलें, आणि खोटें कशाला सांगावें, आम्हींही मान डोलावली. बंधु तिकडे रुग्णालयांत, आणि हा इकडे आमचा वेळ दवडतो, असें मनांत आलें.

विमानतळावर बंधूंचा मुलगा न्यावयास आला होता. तो विमानांच्या देखभालीच्या कामावर आहे. त्याच्यापाशीं तक्रार करतांच तो म्हणाला, "काका, बाबा तसे पडलेले असतांना तुम्हांला उशीर व्हावा असें मला कां वाटेल? पण विमान परत वर गेल्याचें कळलें, तेव्हां मला हायसेंच वाटलें. वैमानिक हट्टास पेटला नाहीं, एवढें त्यावरून समजलें." आम्ही गप्प झालों. पुढें बंधूंस उतार पडल्यावर हा विषय त्याच्याकडून समजून घेतला. वाचकांच्या घरांतूनही लेकी-सुना, नातवंडें विमानानें येतात-जातात. म्हणून तो येथें मांडतों.

विमानाचें तरंगणें पंखांवरून हवा किती वेगानें वाहते, यावर अवलंबून असतें; जमिनीवरून तें किती वेगानें सरकतें, यावर नव्हे. समजा, उतरतांना हवेंतील वेग ताशीं २५० किलोमीटर लागतो आणि समोरून ४० चा वारा आहे. तर जमिनीवरील वेग २१० च राहतो व थांबण्यास जागा कमी लागते. म्हणून समोरचा वारा वैमानिकाचा मित्र होय. अंगणांत उतरणारा कावळाही वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्यानें पावसाळ्यांतील पश्चिमेचा वारा तिला सोयीचा पडतो.

परंतु वारा झोतांनीं येऊं लागला कीं हा मित्र बेभरंवशाचा होतो. ४० चा वारा क्षणांत २० वर आला, तर पंखांवरील वेगांतून २० एकदम वजा होतात आणि विमान खचतें. यास्तव वैमानिक थोडा अधिक वेग हाताशीं राखून येतो.

वारा बाजूनें असला म्हणजे आणखी पंचाईत. कृष्णेला पाणी चढलें असतां नावाडी नाव समोरच्या घाटाकडे न रोखतां प्रवाहाच्या वरच्या अंगास रोखतो, तेव्हां ती नेमकी घाटास लागते. तसेंच विमान आपलें नाक वाऱ्याकडे वळवून तिरपें येतें. चाकें टेकण्याच्या सुमारास मात्र नाक पट्टीच्या रेषेंत आणावें लागतें, आणि वाऱ्याकडील पंख वारा उचलील म्हणून तो दाबून धरावा लागतो. हें सारें कांहीं सेकंदांत! शिवाय ओल्या पट्टीवर चाकें मुद्दाम जरा जोरानें टेकवितात, कारण अलगद टेकल्यास पाण्यावरून घसरण्याचें भय असतें. विमान आदळलें म्हणून नाकें मुरडणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पुतण्यानें एक परदेशचें उदाहरण सांगितलें. १ मार्च २००८ रोजीं 'एम्मा' नांवाच्या वादळांत लुफ्थान्सा कंपनीचें एक एअरबस विमान म्यूनिकहून येऊन हॅम्बुर्ग येथें उतरत होतें. वारा उजवीकडून बराचसा आडवा होता. चाक टेकतें न टेकतें तोंच विमान कलंडलें व डाव्या पंखाचें टोक पट्टीस घासलें. वैमानिकांनीं विमान तत्काळ वर नेलें, आणि वाऱ्यास अधिक सन्मुख अशा दुसऱ्या पट्टीवर १३७ माणसें सुखरूप उतरलीं. त्या प्रसंगाचें चलच्चित्र जगभर पाहिलें गेलें व वैमानिकांची वाहवा झाली. पुढें सरकारी तपासांत दोन गोष्टी दिसल्या. एक, डावें चाक टेकतांच यंत्रणेनें विमान भूमीवर आलें असें धरून पंख सांवरण्याची शक्ति कमी केली, आणि वैमानिकांस याची कल्पना नव्हती. दुसरी, ती दुसरी पट्टी आधींच मागून घेणें सयुक्तिक झालें असतें.

म्हणजे संकटांतून सुटणाऱ्याची जगांत वाहवा होते. संकट येऊंच न देणाऱ्यास आमच्यासारखे शहाणे भित्रा म्हणतात. वास्तविक शाळेंत आम्हीं जन्मभर मुलांस हेंच शिकविलें कीं, मांडणी चुकते आहे असें दिसतांच खाडाखोड करीत बसूं नये. पाटी पुसावी व पहिल्यापासून मांडावें. तेंच त्या वैमानिकानें आमच्या डोळ्यांदेखत केलें, आणि आम्हीं तें ओळखलें नाहीं.

बंधु आतां हिंडते-फिरते आहेत. परंतु विमानांतून उतरतांना दाराशीं उभ्या असलेल्या त्या तरुणास आम्हीं साधा नमस्कारही केला नाहीं, ही रुखरुख मनांत राहिली आहे. वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास त्यांनीं तो आमच्या वतीनें करावा.